आधी नारळ, मग अर्ज

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन पेटंटं टांगलेली आहेत. तिन्ही माझ्या धाकट्या दिरांच्या नावावर, तिन्हींवर अशोकस्तंभ, आणि तिन्हींचा जगाला काडीचा उपयोग नाही. येणारा पाहुणा चपला काढता काढता तिकडे बघतो, "अरे वा!" म्हणतो आणि मग विचारतो, "म्हणजे पेटंट म्हणजे नेमकं काय हो?" की मी चहा टाकायच्या निमित्तानं आत सटकते. कारण आता भाऊजी त्याला समजावून सांगणार आणि चहा दोनदा गार होणार, हे ठरलेलं.

मी सांगते, पटकन सांगते. सरकार म्हणतं, तू नवीन काही शोधलंस ना, मग ते कसं केलंस ते आम्हाला सगळं लिहून दे. त्या बदल्यात वीस वर्षं तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला ते करता येणार नाही. अट एकच, ते नवीन पाहिजे. अर्ज करायच्या आधी ते चारचौघांत उघड झालेलं चालत नाही. एवढीशी अट! आमच्या घराण्याला तेवढी झेपली नाही.

भाऊजी पहिल्यापासून आमच्याकडेच राहतात. सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तिथे साहेबाला रोज काही ना काही सुधारणा सुचवायचे, आणि रोज सुधारणा सुचवणारा माणूस कोणत्या साहेबाला आवडतो? नोकरी सोडली, अंबडला पत्र्याची शेड घेतली आणि लोकांचे सुटे भाग बनवून देता देता स्वतःची यंत्रं करायला लागले. लग्न झालं नाही. नाही म्हणजे, मुली दाखवायला मीच घेऊन गेले होते की! एका घरी मुलीच्या आईनं सहज म्हटलं, मिक्सर आवाज करतोय. ह्या गृहस्थानं पोह्यांची बशी बाजूला सारली आणि मिक्सर तिथेच सतरंजीवर खोलला. मुलगी आत नटून बसलेली. मिक्सर झकास दुरुस्त झाला, आणि लग्नाचं बोलणं त्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

पहिलं पेटंट पोह्यांचंच. चिवड्याचे पोहे एकसारखे कुरकुरीत करायची स्वयंचलित प्रक्रिया. तिच्या चाचण्या कोणाच्या पोटावर झाल्या असतील? आमच्या ह्यांनी पुढे कित्येक महिने पोहे म्हटलं की हात जोडले. प्रक्रिया उत्तम होती हो, एक दाणा करपत नव्हता. पण ज्या चिवडेवाल्याला दाखवली तो म्हणाला, "काका, आमचे थोडे करपतात, थोडे मऊ राहतात, म्हणून तर लोक म्हणतात घरच्यासारखा आहे." झालं. दुसरं पेटंट उसाच्या रसात आलं-लिंबू आपोआप टाकणाऱ्या हाताचं. रसवंतीवाल्यानं तो हात दोन दिवस लावला आणि परत आणून दिला. म्हणाला, मग मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत बसू का नुसता? तिसरं मात्र मला मनापासून आवडायचं. नारळ फोडायचं यंत्र. नारळ ठेवला की बरोबर मधोमध दोन वाट्या, पाणी खालच्या भांड्यात, एक थेंब वाया नाही. वणीच्या रस्त्यावर पूजेचं सामान विकणाऱ्या एकाकडे ते नेऊन ठेवलं. माणसं रांगेत उभी राहायची, यंत्र बघायची, कौतुक करायची आणि नारळ पायरीवर आपटून फोडायची. "नवस आपण बोलायचा आणि नारळ मशिनीनं फोडायचा, हे देवाला कसं पटेल?" एका आजींनी मलाच विचारलं. भाऊजी ह्याचं उत्तर अजून शोधताहेत.

तर अशी तीन. मी भाऊजींना सांगायची, "तुम्ही लोकांना नको असलेल्या गोष्टींचे जगातले एकमेव मालक आहात." ते हसायचे. दीर-वहिनीत एवढं चालतंच. आणि टोमणा खोटा असता तर मारला नसता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कांद्याचं मात्र वेगळं होतं.

उन्हाळ कांदा उपटला की त्याची पात कापावी लागते. मान थोडी लांब ठेवून कापायची. फार जवळून कापली तर कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. बायका भर उन्हात बसून विळ्यानं कापतात, बोटं कापून घेतात. शिवाय सगळ्यांचा कांदा एकदमच निघतो, त्यामुळे सुरगाण्याकडून, पेठकडून मजुरांच्या टोळ्या आणाव्या लागतात, आणि त्या दिवसांत टोळीवाल्याचा रुबाब जावयापेक्षा जास्त असतो. म्हणजे पात कापणारं यंत्र लोकांना हवं होतं. भाऊजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच लोकांना काहीतरी हवं होतं!

अडचण अशी की यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर टाकलेला कांदा कसाही लोळतो. पात वर, पात खाली, पात शेजारच्याच्या गळ्यात. ह्यावर भाऊजी किती वर्षं डोकं आपटत होते देव जाणे. एक दिवस आमच्या ह्यांची सायकल पंक्चर नसतानाही खाली बसलेली दिसली. बघते तर मागच्या चाकात ट्यूबच नाही. ती ट्यूब पट्टीसारखी कापून भाऊजींनी यंत्राच्या एका रुळावर नागमोडी चिकटवली होती. दोन रूळ आतल्या बाजूला फिरतात, ती नागमोडी पट्टी पातीला हळूच पकडून खाली ओढते, कांदा वर राहतो, खाली पातं फिरतं. बस्स, एवढंच. सगळं गुपित त्या पट्टीत.

आम्हाला दोघांना त्यांनी शेडवर बोलावलं. मी रिक्षात बसल्या बसल्या दोन-तीन टोमणे तयार ठेवले होते. त्यांनी गोणी ओतली. खडखडाट झाला, पातीचा हिरवा वास सुटला आणि पलीकडून कांदे घरंगळत यायला लागले. मी एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला. मान बरोबर. दुसरा उचलला, तोही बरोबर. आमचे हे चष्मा लावून मुद्दाम वाईट कांदा शोधत होते, त्यांना मिळेना. मी म्हटलं, "भाऊजी, अहो, हे चालतंय की!" त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझे टोमणे घशातच राहिले.

शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्याशी त्यांनी बोलणं लावलं. कारखाना म्हणाला, पेटंट हातात आलं की आम्ही बनवायला घेतो, तुमच्या देखरेखीखाली, आणि प्रत्येक यंत्रावर तुमच्या नावाची पट्टी लावतो. पेटंट नसेल तर मात्र नाही, कारण मग कोणीही उद्या तेच बनवेल. भाऊजींना बाकी कशाचं काही नव्हतं, त्या नावाच्या पट्टीचं होतं. "वहिनी, मरायच्या आधी माझं एक तरी यंत्र माझ्या नावानं शेडच्या बाहेर पडलेलं बघायचंय," ते म्हणाले. आणि कारखान्यानं पट्टी कशी करावी ह्याचा नमुना म्हणून पितळेची एक स्वतःच कोरून घेतली! अजून अर्जाचा पत्ता नाही आणि पट्टी तयार. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

अर्ज करायला कॉलेज रोडवरच्या एक एजंट बाई होत्या. तीनही पेटंटं त्यांनीच करून दिलेली. त्या घरी आल्या, उपमा खाल्ला आणि चमचा भाऊजींवर रोखून म्हणाल्या, "काका, अर्ज जाईपर्यंत तोंडाला कुलूप. कोणाला दाखवायचं नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही. बाहेर फुटलं की संपलं." भाऊजींनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईत आहेत. अर्ज त्याच आठवड्यात जायचा, पण त्या नागमोडी पट्टीची आकृती भाऊजींच्या मनासारखी येईना. वळण जरा कमी झालं, वळण जरा जास्त झालं. एजंट बाई पाठवायच्या, भाऊजी लाल पेनानं खुणा करून परत पाठवायचे.

आणि तेवढ्यात गावाला कळलं.

कळणारच. चाचणीला गोण्याच्या गोण्या पातीसकट कांदा लागायचा, तो कुठून आणणार? चुलतभावाच्या शेतातून. हे आमचे चुलत दीर म्हणजे गावचे पुढारी. गाव आमचं गोदाकाठचं, सायखेड्याच्या अलीकडे. पुढाऱ्यांनी विचारलं, एवढा कांदा कशाला पायजे? आणि भाऊजींनी कशाला पाहिजे ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुढारी पांढरे कपडे घालून आमच्या सोफ्यावर हजर.

"आपल्या गावच्या माणसानं एवढं करायचं अन् गावाला पत्ता नाय? आसं कसं चालंल? यात्रेत सत्कार करू. लय मोठा. मशिन पण आणायचं, लोकांनी बघितलं पायजे."

मी पदर खोचून पुढे झाले. "दादा, ते आत्ता दाखवायचं नसतं. अर्ज जायचाय अजून."

"वहिनी, कोणाला दाखवायचंय? गावालाच ना?"

ते गेल्यावर मी भाऊजींना धरलं. "एजंट बाई काय म्हणाल्या? कोणाला दाखवायचं नाही म्हणाल्या ना?"

"लोकांना दाखवायचं नाही म्हणाल्या," भाऊजी म्हणाले. "गाव म्हणजे काय लोक आहेत का, वहिनी? घरचीच माणसं ती."

"त्यांना विचारा तरी फोन करून!"

"एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास?"

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं थोरल्या भावानं तरी काही बोलावं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे गं. त्याचा आजपर्यंत कोणी सत्कार केलाय का?" खरंच केला नव्हता. पोह्यांचा नाही, रसाचा नाही, नारळाचा नाही. तीन पेटंटं मिळाली तेव्हा घरात मी शिरा केला होता, तेवढाच. मग मी तरी काय बोलणार?

यात्रेचा दिवस. वेशीतच फ्लेक्स. "भूमिपुत्राचा भव्य नागरी सत्कार." त्यावर पुढाऱ्यांचा फोटो पंगतीच्या ताटाएवढा आणि भूमिपुत्राचा कोपऱ्यात, वाटीएवढा. व्यासपीठाशेजारी ट्रॉलीवर यंत्र. यंत्राला हार, यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक, यंत्राला लिंबू-मिरची. मग पुढाऱ्यांनी यंत्राच्या चौकटीवर नारळ आपटला. नारळ फोडायच्या यंत्राचं पेटंट ज्याच्या घरात टांगलंय त्या माणसाच्या डोळ्यांदेखत! नारळाचं पाणी बेअरिंगमध्ये गेलं. भाऊजींना कळलं, मला कळलं, पण फेटा बांधलेला माणूस वाकून बेअरिंग पुसू शकत नाही.

मी बायकांत बसले होते. माझीही खणा-नारळानं ओटी भरली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता. फेट्यात भाऊजी असे काही दिसत होते की बाजूची बाई म्हणाली, ह्यांचं लग्न कसं नाय झालं हो? मी मिक्सरचं काही बोलले नाही.

मग माइकवाल्यानं सांगितलं, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत. दोन शब्द! ज्या माणसाला उभ्या आयुष्यात ऐकणारा मिळाला नाही, त्याच्यासमोर अख्खी यात्रा बसवली आणि त्याला दोन शब्दांवर थांबवताय? भाऊजी खाली उतरले, ट्रॉलीवर चढले आणि, अहो, त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं. "ही बघा नागमोडी पट्टी," म्हणाले. वळण किती, रबर कसलं, रूळ कोणत्या बाजूला फिरतो, आधी काय चुकत होतं, मग काय सुचलं. सगळं. हातवारे करून. शाळेत गणिताचे सर असे भेटले असते तर मी नापास झाले नसते. पुढच्या रांगेत चार गावचे वेल्डिंगवाले मांडी घालून बसलेले. त्यातला एकजण उभा राहिला, "काका, पट्टी रुंदीला किती?" आणि काकांनी सांगितलं की! वर म्हणाले, चांगला प्रश्न विचारलात.

एका हौशी माणसानं सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि त्याच दिवशी नेटवर टाकला. खाली तुतारीचं संगीत वगैरे लावून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, आम्ही ते सनई-चौघड्यासह केलं.

पुढची गंमत ऐका. सत्कारात मिळालेले नारळ घरात किती ठेवणार? म्हणून भाऊजी एक नारळ घेऊन एजंट बाईंकडे गेले, आकृती पसंत आहे हे सांगायला. मीही बरोबर होते. बाईंनी विचारलं, "हा कसला नारळ, काका?"

"सत्काराचा!" भाऊजी म्हणाले. "यंत्राचा सत्कार होता गावात."

बाईंनी नारळ हातात तसाच धरून ठेवला. मग एकेक विचारत गेल्या. यंत्र नेलं होतं? चालवून दाखवलं? झाकण उघडलं? ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला हो. शेवटी बाई खुर्चीत मागे टेकल्या. "आजच्या आज अर्ज पाठवते," म्हणाल्या, "पण काका, तुम्ही स्वतःच स्वतःच्या आधी पोचलात." बैल गेला आणि झोपा केला, ह्याचं इतकं शुद्ध उदाहरण मी तरी दुसरं पाहिलं नाही. नारळ त्यांनी परत दिला.

अर्ज गेला. कारखाना थांबला होता, भाऊजी थांबले होते. पितळेची पट्टी अधूनमधून चिंच लावून घासायचे. मी मनात म्हणायची, एवढ्या व्हिडिओंच्या ढिगाऱ्यात सरकारी साहेब आमच्या गावची यात्रा कशाला बघत बसेल? बघितली. साहेबानं नीट बघितली.

सुनावणी कॉम्प्युटरवरच झाली, आमच्याच दिवाणखान्यात, त्या तीन प्रमाणपत्रांखाली बसून. एजंट बाई एका बाजूला, भाऊजी इस्त्रीच्या शर्टात मधे, मी स्वयंपाकघराच्या दारात. साहेब तरुण होता, बोलायला फार सभ्य. त्यानं पडद्यावर व्हिडिओ लावला. तुतारी वाजली. फेटा, हार, झाकण, पट्टी. बायकांच्या घोळक्यात टाळ्या वाजवणारी मीही दिसले.

"हे आपणच आहात ना?"

"हो साहेब, मीच," भाऊजी म्हणाले, आणि आवाजात अभिमान होता हो, काय सांगू! एजंट बाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे अर्जाच्या आधी आपण हे सार्वजनिकरीत्या दाखवलंत."

"सार्वजनिक नाही साहेब. गावात दाखवलं."

"गावात कोण कोण होतं?"

"सगळं गाव होतं."

"बाहेरचे कोणी?"

"यात्रा म्हटल्यावर पाहुणेरावळे येणारच ना साहेब. पण सगळी ओळखीचीच."

"हे गुप्त ठेवायचं असं कोणाला सांगितलं होतं का?"

भाऊजींना तो प्रश्नच कळला नाही. "आपल्याच माणसांना असं कसं सांगणार?" ते म्हणाले.

साहेबानं व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, "यंत्र चांगलं आहे तुमचं." त्याला वाईट वाटलं असावं. निकाल मात्र नकाराचा आला, दुसरा येणारच नव्हता. कारखान्यानंही कळवलं, क्षमस्व. गंमत बघा, ज्या तीन शोधांना कुत्रं विचारत नव्हतं त्यांची पेटंटं सहीशिक्क्यानिशी भिंतीवर, कारण त्यांचा सत्कार करावासा कोणालाच वाटला नव्हता.

त्या दिवशी भाऊजी शेडवर गेले नाहीत. जेवले, ताट घासून ठेवलं, पितळेची पट्टी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आमच्या ह्यांनी जुनी सायकल काढली आणि निघून गेले, बराच वेळ आले नाहीत. माझा राग कोणावर निघणार? कपाटातल्या शालींवर. एका सत्कारानंतर सत्कारांची लाटच आली होती, ह्या मंडळाचा, त्या पतसंस्थेचा, शालींची नुसती थप्पी. मी त्या भांडीवालीला द्यायला काढल्या. भाऊजी म्हणाले, "राहू द्या वहिनी, थंडीत लागतील." मला इतका संताप आला की मी त्यांच्यावर ओरडले. ते ऐकून घेत उभे राहिले.

पुढच्या हंगामात यंत्र बाहेर पडलं. सायखेड्याच्या रस्त्यावर बघा, वणीकडे बघा, पार कळवणपर्यंत बघा. वेल्डिंगच्या दुकानासमोर पिवळी, निळी, भगवी यंत्रं उभी, कोणावर आईचं नाव, कोणावर कुलदेवतेचं, आणि प्रत्येकावर बनवणाऱ्याचा फोन नंबर. झाकण उघडलं की आत नागमोडी पट्टी. आम्ही गाडीतून जाताना भाऊजी खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "पातं चांगलं लावलंय त्यानं." आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

एक यंत्र पुढाऱ्यांनीही घेतलं. आणि पूजेला कोणाला बोलवावं? भाऊजींना! मी म्हटलं, जाल तर तंगडं मोडीन. ते गेले. म्हणून मीही गेले. पुन्हा हार, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. यंत्र चालू केलं तर ते पातीबरोबर कांद्याची सालंही ओरबाडायला लागलं. वेल्डिंगवाला घामाघूम. माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! पण आमचे भाऊजी! शाल माझ्या हातात दिली, बाह्या सावरल्या, खाली बसले. "पट्टी उलटी बसवलीय रे," म्हणाले, आणि सुलटी करून दिली. यंत्र सुतासारखं चाललं. टाळ्या.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "दादा, लाज वाटते का काही? ह्यांचं पेटंट तुमच्या हारातुऱ्यांनी मेलं, आणि वर ह्यांच्याच हातानं चोरीच्या मालाची पूजा करवताय?"

पुढारी दुखावले. अगदी मनापासून दुखावले, नाटक नव्हतं. "चोरी? वहिनी, कसली चोरी? पेटंट कशाला पायजे? ह्या पट्ट्यात कोणालाही विचारा, मशिन कोणाचं हाय? लहान पोर सांगंल, ह्यांचंच हाय. सगळ्यांना माहीत हाय!"

सगळ्यांना माहीत होतं, तीच तर रड होती. पण ते त्या माणसाला कोणत्या भाषेत सांगायचं? भाऊजी मात्र खूष. परतताना म्हणाले, "बघा, नाव आहे की आपलं."

"कुठे आहे? दाखवा कुठे लिहिलंय," मी म्हटलं. मग त्यांचा चेहरा पडला आणि मला नको तिथे जिंकल्यासारखं झालं.

त्यानंतर बरेच दिवस ते शेडवर नुसते जाऊन येत. मला वाटलं, संपलं आता. आणि परवा परवा आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, माझी बाहेर वाळत घातलेली छत्री पाहिलीस का?" मी काय ते समजले. शेडवर गेले. काय पाहिलं ते मी सांगणार नाही. इतकंच सांगते, की छत्री तिथे होती, निम्मीच होती, आणि जे होतं ते चालत होतं. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आकृत्या एजंट बाईंकडे गेल्यात. ह्या वेळी लाल पेन लावणार नाही."

आणि नेमके दोन दिवसांनी पुढारी घरी आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. चहा झाला, पत्रिका झाली, आणि आलंच ते. "मग काय भाऊ, नवीन काय चाललंय? लग्नात लय लोकं येणारेत, मंत्री पण येतील. काय आसंल तर मांडवात ठिवू, सगळ्यांसमोर सत्कार करू."

भाऊजींना खोटं बोलता येत नाही हे मी मघाशी सांगितलंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला लागलं होतं, डोळे लकाकले होते. मी ट्रे दाणकन टेबलावर ठेवला.

"कसलं नवीन, दादा," मी म्हटलं. "ह्यांचं डोकं आता चालत नाही हो. त्या नकारानंतर जे बसलंय ते बसलंच. विसरतात सगळं. परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. शेडवर जाऊन नुसते बसतात, कुलूप लावायचंही भान नसतं. आता काय व्हायचंय ह्यांच्या हातून? संपलं सगळं."

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. भाऊजी माझ्याकडे बघत होते, आणि मी ह्या माणसाला जन्मभर टोमणे मारलेत, पण ते सगळे खरे होते. हा पहिलाच खोटा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढाऱ्यांना ते दिसलं, म्हणून तर त्यांना पटलं.

"आरारा," ते म्हणाले. "येवढा हुशार माणूस." उठून भाऊजींजवळ गेले, पाठीवरून हात फिरवला. मग स्वतःच्या पिशवीतून एक शाल काढली, व्याह्यांसाठी घेतलेली असणार, भारी होती, आणि ती भाऊजींच्या खांद्यांवर घातली. "जपा भाऊ," म्हणाले. भाऊजी खाली मान घालून उभे राहिले. हुबेहूब डोकं न चालणाऱ्या माणसासारखे! खोटं बोलता येत नाही, पण गप्प राहायला शिकले.

पुढारी गेले. मी म्हणायला गेले, भाऊजी, मला माफ... त्यांनी हात वर केला. "वहिनी, चष्मा फ्रीजमध्ये कशाला घातलात?"

"खरं वाटायला नको?"

"बरं केलंत." शालीची घडी घातली, काखेत मारली आणि चपला घालू लागले. मी विचारलं, आता कुठे? "शेडवर," म्हणाले.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर ते पितळेची पट्टी चिंचेनं घासत बसले होते. मागे ते यंत्र, त्याच्यावर आमच्या कपाटातल्या एकूण एक शाली पांघरलेल्या, आणि सगळ्यात वर पुढाऱ्यांची. खालचं काही म्हणता काही दिसत नव्हतं.